न घातलेला लाल स्वेटर

रेजिना, तुझा लाल स्वेटर माझ्याकडे आला आहे. टॅगसकट.

मानेजवळ प्लास्टिकच्या दोरीने लटकलेला टॅग, त्यावर पस्तीस दिरहम. ड्रॅगन मार्टमधल्या एकाच ढिगातून आपण दोघींनी दोन उपसले होते. तू तेव्हा भर दुकानात म्हणाली होतीस, "पस्तीस म्हणजे आपले सहाशे. दुबईत स्वेटर घेणाऱ्या दोन बाया बघून हा माणूस आज दुकान बंद करून नमाजाला जाईल." माझा मी तेव्हापासून दर चोवीस डिसेंबरला घातला. कोपरांवर तो आता इतका विरलाय की उजेडाकडे धरला तर पलीकडची भिंत दिसते. तुझा तू दर चोवीस डिसेंबरला फोनवर घातलास. "घातलाय गं, गरम होतंय," म्हणायचीस. त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. तू असताना जी भांडणं "चल, माझं सूप थंड होतंय" म्हणून अर्ध्यावर सोडलीस, ती कुठेतरी पुरी व्हायला हवीत, आणि तुला आता कुठेही जायची घाई नाही.

सुरुवात कशी झाली ते मीच सांगते, कारण तुझ्या सांगण्यातलं किती खरं धरायचं हे मला आता कळत नाही. आपण दोघी बर दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत. तू अकाउंट्सला, मी अ‍ॅडमिनला. ओळख होती, मैत्री नव्हती. त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझा नवरा घर सोडून गेला. भांडण वगैरे नाही. पुण्यात त्याचं दुसरं घर तयार होतं, तिकडे गेला. मुलगा अमेय कॉलेजसाठी आधीच तिकडे होता. मी मोठं घर सोडून इंटरनॅशनल सिटीत एक खोली घेतली. सामान लावायला एक दुपार पुरली.

मग बोलावणी सुरू झाली. "शुभदा, सुट्टीच्या दिवशी जेवायलाच ये." "एकटी काय करतेस घरात?" मी दोन घरी गेले. दोन्हीकडे मला सोफ्याच्या मधोमध बसवलं आणि नवरा या विषयावर एक अक्षर कोणी काढलं नाही. न बोलण्याचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. त्यानंतर कोणी बोलावलं की मला काम असायचं.

चोवीस डिसेंबरला ऑफिसात कागदांना भोकं पाडताना मी बोट चेमटवून घेतलं आणि पँट्रीत जाऊन रडले. सगळ्यांना वाटलं बोटासाठी. तू बर्फ घेऊन आलीस, बोट बघितलंस आणि म्हणालीस, "एवढ्याशाला एवढं? दुसरं काय झालंय?"

"काही नाही."

"संध्याकाळी काय करतेस?"

"काही नाही. आणि जेवायला बोलावणार असशील तर नको. तुमचा सण आहे, घरी तुमची माणसं असतील. मला माणसं नकोत."

तू जरा थांबलीस. ते थांबणं मला आता दिसतं. तेव्हा वाटलं, हातातला बर्फ गळतोय म्हणून थांबलीस.

"कुठली माणसं? मी पण एकटीच असते."

"तुझा भाऊ आहे ना अजमानला?"

"बावतीस? त्याचं नाव काढू नकोस. वसईच्या वाडीवरून आमचं वाजलंय, बोलणं बंद आहे. आणि बाई, ऐक. एकटीने नाताळ करणं ही शिक्षा नाही, चैन आहे. फक्त त्याची रीत पाहिजे."

आणि तू, माझ्या बोटाला टिश्यू गुंडाळत, मला रीत सांगितलीस. उन्हं उतरायच्या आत घरी पोचायचं आणि दाराला आतून कडी लावायची. घर झाडायचं नाही, जाळी काढायची नाहीत, सणाच्या नावाखाली घरकाम करायचंच नाही. कढत पाण्याने सावकाश अंघोळ. मग एसी अठरावर, अंगात स्वेटर, पायात मोजे, मांडीवर पांघरूण. मी म्हणाले, "अगं, वर्षात हेच तर दिवस आहेत खिडकी उघडायचे." तू म्हणालीस, "खिडकीतून येते ती सगळ्या गावाची थंडी. एसीची आपली एकटीची." खायला जे आपल्याला आवडतं तेच, तेही एका माणसाचं, घरातल्या सगळ्यात चांगल्या ताटात. स्वतःसाठी एक भेट महिनाभर आधी घ्यायची, दुकानातूनच बांधून आणायची आणि कपाटात अशी ढकलायची की चोवीसला सोडताना आत काय आहे ते आठवू नये. आणि सात वाजता मेणबत्ती लावायची.

"सातलाच का?"

"म्हणजे दोघींची एका वेळी लागेल. मी फोन करीन. 'दिवा लागला?' विचारीन. तू 'लागला' म्हणायचं. यल्ला, खलास, फोन ठेवायचा. गप्पा नाहीत."

गप्पा नाहीत, हे ऐकून मी तयार झाले. त्या दिवशी मी वाटेत एक मेणबत्ती घेतली आणि घरी जाऊन कडी लावली. सात वाजता तुझा फोन आला. मी "लागला" म्हणाले. मग मुगाच्या डाळीची खिचडी लग्नातल्या चांदीच्या ताटात वाढून घेतली, वर तूप, बाजूला पापड. त्या घरात मला पहिल्यांदा भूक लागली ती त्या संध्याकाळी.

हे मी उपकार म्हणून नोंदवत नाही. झालं तसं सांगतेय.

दिवाळीत मला नेहमी माझी मोडलेली जागा दिसायची: कुठे उभी राहायचे, कोणाला उटणं लावायचे, कोणाच्या ताटाभोवती रांगोळी काढायचे. नाताळात माझी जागा कधी नव्हतीच, त्यामुळे ती रिकामी दिसण्याचा प्रश्न नव्हता. तो सण मला कोरा मिळाला. पुढच्या वर्षी आपण स्वेटर घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी मी हातभर उंचीचं झाड आणलं. हळूहळू मी त्यात तरबेज झाले. नोव्हेंबर आला की मी मॉलमध्ये माझ्यासाठी भेट शोधत फिरायचे आणि दुकानातली मुलगी "फॉर हूम, मॅडम?" म्हणाली की न लाजता "फॉर मी" म्हणायचे. एका वर्षी गरम पाण्याची रबरी पिशवी, एका वर्षी भीमसेनी कापराचा वास येणारा साबण, एका वर्षी उगाचच एक दुर्बीण. त्या दुर्बिणीतून मी समोरच्या बिल्डिंगमधल्या कबुतरांची भांडणं बघत बसले होते आणि सात वाजता तुला ती सगळी सांगायची होती. तू म्हणालीस, "उद्या सांग. नियम."

फोनवर तुझ्या मागे आवाज असायचे. ताटल्या वाजायच्या. एकदा कोणीतरी लहान पोर जोरात हसलं होतं.

"कोण गं?"

"टीव्ही."

एकदा कोणीतरी "शूऽऽ" केलं.

"हा पण टीव्ही?"

"शेजारचे फिलिपिनो. भिंती बघ ना कशा आहेत ऊद मेथाच्या, पुठ्ठ्याच्या. चल, सूप थंड होतंय."

तुझं ऊद मेथाचं घर मी पाहिलेलं होतं. एक खोली, खिडकीतून चर्चचं फाटक. झाड कुठंय म्हटलं तर तू कपाटावरच्या खोक्याकडे बोट दाखवायचीस. "अकरा महिने झोपतं. उठवू नकोस." मी दर चोवीसला मनात तुझी खोली सजवायचे. खोक्यातून झाड काढलंय, लाल स्वेटर घालून तू पलंगावर पाय घेऊन बसली आहेस, नंतर उठून एकटीच चर्चमध्ये मिस्सेला जाशील. दुबईत एका टोकाला मी, मध्यावर तू, दोघींच्या दाराला कडी. त्या चित्रावर मी वर्षानुवर्षं राहिले, रेजिना. नुसतं गोड वाटलं असं नाही, त्यावर मी निर्णय घेतले. अमेय टोरांटोला स्थिरावल्यावर म्हणाला होता, "आई, कम फॉर ख्रिसमस. यू विल सी स्नो." मी म्हणाले, जानेवारीत येते, चोवीस तारखेला माझा कार्यक्रम असतो. तो म्हणाला, "विथ हूम?" मी म्हणाले, "विथ माय फ्रेंड." आणि मला वाटलं मी खरं बोलते आहे.

एकदाच मी रीत मोडायची म्हटली. करोनानंतरचं वर्ष. आपण कॅन्टीनमध्ये होतो. मी म्हणाले, "अगं, दोघी दोन घरांत एकट्या बसतो हा काय मूर्खपणा आहे? या वर्षी मी तुझ्याकडे येते. नाहीतर तू ये. बसने यायचं तर एक तास."

तुझा चेहरा असा उतरला की जणू मी उसने पैसे मागितले.

"नको."

"का नको?"

"दोघी बसलो की गप्पा होतील. गप्पा झाल्या की स्वयंपाक होईल. मग भांडी. मग तो सण नाही, हळदीकुंकू होतं."

"भांडी मी घासते."

"शुभा, नियम म्हणजे नियम. आवडत नसेल तर सोड."

मला राग आला. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग स्वतःची समजूत काढली की ही माझ्याहून पक्की आहे. मला अजून सोबत लागते, हिला लागत नाही. हिच्यासारखं व्हायला हवं. तुझ्यासारखं व्हायला हवं! चोवीसला सात वाजता फोन आला तेव्हा मीच आधी "लागला" म्हणून टाकलं.

त्या दिवशीच्या तुझ्या "नको"चा हिशेब मला हवा आहे. बाकी सगळं मी सोडून देईन.

तू गेलीस ती कसलीही सूचना न देता. सकाळी जागेवर नव्हतीस, दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, मी पोचेपर्यंत संपलेलं होतं. डोक्यात रक्तस्राव, म्हणाले. मी रडले नाही. तिथे कामं होती. बाहेर बाकावर एक जाडसर माणूस बसला होता आणि त्याचं नाक हुबेहूब तुझं होतं. मी ओळखलं. एवढी वर्षं ज्याचं नाव काढायचं नव्हतं तो हाच.

"आता आलात होय?" मी म्हणाले. "जिवंतपणी बहिणीला एक फोन करायला जड जात होतं. वाडीचा तुकडा काय बरोबर घेऊन जाणार आहात?"

तो उभा राहिला. डोळे सुजलेले. "कुठली वाडी, मॅडम?"

"वसईची. जिच्यावरून बोलणं टाकलंत."

"वाडी तर रेजिनाच्याच नावावर आहे. मीच केली." आणि मग, अगदी गोंधळून, "बोलणं कोणी टाकलं? रविवारी आमच्याकडेच होती ती. माशाचं डोकं तिनेच खाल्लं."

मला वाटलं, किती सफाईने खोटं बोलतोय हा माणूस. खोटं बोलण्याची कला तुमच्या घरात होती हे मी बरोबर ओळखलं. फक्त माणूस चुकला.

पुढचे दिवस मी त्याच्याबरोबर कागद घेऊन फिरले. दाखला, पासपोर्ट, वकिलातीचा शिक्का, विमानाचं कार्गो. इथे व्हिसा रद्द झाल्याशिवाय माणूस सुटत नाही, मेलेलाही नाही. अनेकांसाठी मी ही धावपळ केलेली आहे, तुझ्यासाठीही केली. तुझा व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर कंपनीतर्फे सही माझीच आहे. सही करून मी जागेवर येऊन बसले आणि तुझ्या टेबलावरचा तो वाकडा चमचा, ज्याने तू डब्यातलं लोणचं काढायचीस, पर्समध्ये टाकला. त्यावर कंपनीचा हक्क नाही, माझाही नाही. तरी टाकला.

बावतीस तुला वसईला पोचवून, माती देऊन परत आला. त्याची बायको ज्युली हिने मला फोन केला, "ताई, तिचं घर रिकामं करायचंय, याल का?" मी गेले. तिने कपाटावरचं खोकं खाली काढलं. मी म्हणाले, "जपून, त्यात झाड आहे."

"कसलं झाड?"

खोक्यात जुना मिक्सर निघाला. एक भांडं फुटलेलं.

आणि तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, झाड दुसऱ्या खोक्यात असेल. ज्युली कपडे वेगळे करत होती. "हे नवंच दिसतंय. ताई, तुम्ही तिच्याच मापाच्या आहात, नेता का?" म्हणून तिने स्वेटर माझ्या हातात ठेवला. मी टॅग बघितला. उलटून पुन्हा बघितला. म्हटलं, दोन घेतले असतील.

सामान गाडीत घालून आम्ही अजमानला गेलो. दार उघडलं तुझ्या भाचीने, रियाने. सोळा वर्षांची असेल. मी माझं नाव सांगितलं, तशी ती आत वळून ओरडली, "डॅडा! इट्स द सेव्हन ओ'क्लॉक आंटी!"

मी चपला काढायच्या थांबले.

"काय म्हणाली ती?"

ज्युली हसली, मग तिचे डोळे भरले. "तुमचं नाव आमच्याकडे तेच आहे ताई. चोवीस तारखेला सगळं टेबल मांडून तयार असायचं. इंद्यालचं मटण, फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, पुलाव. आम्ही पाच जण, माझे आई-वडील आले तर सात. रेजिना मध्ये बसायची. सातला पाच मिनिटं कमी असली की उठायची, त्या बाल्कनीत जायची आणि काच ओढून घ्यायची. पोरांना ताकीद असायची, एक आवाज काढायचा नाही. तिचा फोन होईपर्यंत फुग्याला कोणी हात लावायचा नाही."

"वन्स आय लाफ्ड," रिया म्हणाली, "अँड आत्या वॉज सो मॅड."

बाल्कनी म्हणजे काय, तर वॉशिंग मशीन, कपड्यांची दोरी आणि गॅसचा सिलिंडर. मी तिथे जाऊन उभी राहिले. काच ओढून घेतली. तू मला इथून स्वेटर घातल्याचं सांगायचीस. इथून, मशीनला टेकून, तू पलंगावर पाय घेऊन बसायचीस.

"पण का?" मी आत येऊन ज्युलीला विचारलं. मला वाटतं मी जरा जोरात विचारलं, कारण बावतीस खुर्चीवरून उठला.

"पहिल्याच वर्षी आम्ही म्हटलं होतं, घेऊन ये तुझ्या मैत्रिणीला," ती म्हणाली. "रेजिना म्हणाली, नको, ती मानी आहे. 'या' म्हटलं की ती एकटी पडेल. 'मी पण एकटी' म्हटलं की नाही पडणार."

"आणि वाडीचं भांडण?"

बावतीस पहिल्यांदा हसला. "ते मला तुमच्याकडूनच कळलं, मॅडम. ठीक आहे. बहिणीने भावाला एवढं वापरलं तर चालतं."

त्याचं मोठेपण. माझं तेवढं नाही.

पहिल्या वर्षी तुझं बरोबर होतं. मान्य. त्या दिवशी पँट्रीत तू "माझ्याकडे ये" म्हणाली असतीस तर मी तुला पुन्हा तोंड दाखवलं नसतं. बोटाला टिश्यू गुंडाळता गुंडाळता तू ती सगळी रीत जागच्या जागी रचलीस, ही हुशारीही मान्य. मी आता आठवून बघते तर तुझी नजर पँट्रीत फिरत होती. गरम पाण्याचं मशीन दिसलं, तुला अंघोळ सुचली. एसीचा रिमोट दिसला, अठरा सुचलं. एका संध्याकाळपुरती रचलेली गोष्ट होती ती. मी तिला आयुष्य जोडलं.

पण ज्या वर्षी मी स्वतः विचारलं, "या वर्षी एकत्र बसू," तेव्हा मी मानी नव्हते, रेजिना. तेव्हा मी भांडी घासायला तयार होते. तेव्हा "नको" म्हणालीस ते माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. खोटं उघडं पडेल म्हणून. "शुभा, तुला एक सांगायचंय, रागावू नकोस," एवढंच म्हणायचं होतं. मी रागावले असते. आठवडाभर बोलले नसते. मग अजमानला येऊन फुगे खाल्ले असते, तुझ्या भाच्यांना पाढे विचारले असते. मला आज त्या घरात सगळे ओळखतात आणि मी कोणालाच ओळखत नाही. तुझ्या माणसांशी माझी पहिली भेट म्हणजे तुझ्या भावाच्या अंगावर मी ओरडले ती. ही वेळ तू माझ्यावर आणलीस.

आणि मला काय टोचतं सांगू? एकटीने सुखात राहणारी एक बाई मला माहीत आहे, ऊद मेथाला राहते, या भरवशावर मी एकटीने सुखात राहायला शिकले. ती बाई नव्हतीच. ज्या वाटेवर मी तुझ्या मागोमाग चालत होते, त्या वाटेवर पुढे कोणीच नव्हतं.

डिसेंबर लागला. नोव्हेंबरात, तू जाण्याआधी, माझी भेट घेऊन झाली होती आणि ती कपाटात पडून होती. बावतीसचा फोन आला, "मॅडम, यंदा आम्ही तारा लावत नाही. पण मुलं आहेत, ज्युली थोडंसं करणार आहे. तुम्ही या. तिची खुर्ची आहे."

तिची खुर्ची आहे, हे ऐकून मी जाणार नाही हे पक्कं झालं. ती मला तू कधी दिली नाहीस. तुझ्यामागे येऊन बळकावणार नाही. मी त्याला म्हणाले, "पंचवीसला जेवायला येते. चोवीसला माझा कार्यक्रम असतो." म्हणून टाकलं खरं, पण फोन ठेवल्यावर मला कळेना, असतो का? ज्या रीतीला माझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, ती रीत म्हणायची की मला घातलेली टोपी? ते झाड, ते ताट, ते अठरा. उचलून खाली कचऱ्यात टाकावं असं एकदा मनात आलं. मग विचार केला, झाडाने काय केलंय?

चोवीसला मी अर्धा दिवस घेतला आणि उन्हं उतरायच्या आत घरी पोचले. कडी लावली. जाळी काढली नाहीत. कढत पाण्याने अंघोळ करताना मी एकेक वर्ष आठवून पाहिलं, की यातलं खोटं कुठलं. खिचडी खोटी नव्हती. दुर्बीण खोटी नव्हती. कबुतरं भांडत होती ती खरीच भांडत होती. मला ज्या ज्या संध्याकाळी बरं वाटलं, त्या त्या संध्याकाळी बरं मलाच वाटलं; तू तर तिथे नव्हतीसच. तू अजमानला मशीनला टेकून उभी होतीस. तेव्हा ती तुझी रीत नाहीच. तू एकदाही केलेली नाहीस. ती करणारी जगात मी एकटी, म्हणजे ती माझी. यावर तुझा हक्क मी आजपासून रद्द करत आहे. कागद लागत नाही.

अंघोळीनंतर एसी अठरावर केला आणि माझा स्वेटर अंगात घालायला गेले, तर उजव्या कोपराशी बोट पार आरपार गेलं. वीण उसवत हाताबरोबर आली. दोन मिनिटं मी ते भोक बघत बसले. मग कात्री आणली, तुझ्या स्वेटरचा टॅग कापला आणि तो घातला. वापरायची वस्तू आहे. ठेवून कोणाचं भलं झालंय?

ताट वाढून घेतलं. मेणबत्ती लावली. सात वाजले आणि फोन वाजला नाही. तो वाजणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याच्याकडे बघत होते. आणि तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं की अजमानला टेबल मांडलेलं असेल. माझा फोन होईपर्यंत फुग्याला हात लावायचा नाही ही त्या घराची सवय. त्या पोरांना सुरुवात कधी करायची ते कोण सांगणार? उपाशी माणसं ताटकळत ठेवणं मला जमत नाही, ऑफिसातही नाही.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला रियाने उचलला. मागे काच ओढल्याचा आवाज आला. बाल्कनीत आली असावी.

"आंटी," ती हळूच म्हणाली, "वी वेअर वेटिंग. नोबडी इज ईटिंग."

"दिवा लागला?"

ती गोंधळली नाही. इतकी वर्षं काचेच्या आतून ऐकलं असणार. तिने मराठीतच उत्तर दिलं. "लागला."

"मग जेवा. गरम आहे तोवर."

"आंटी, तुम्ही स्वेटर घातला? आत्या ऑल्वेज सेड, यू वेअर अ रेड स्वेटर."

मी तुला माफ केलेलं नाही, रेजिना. त्या "नको"चा हिशेब बाकी आहे आणि तो आता बाकीच राहणार. पण ते त्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिला जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"घातलाय गं," मी म्हणाले. "गरम होतंय."